सोसायटीची टाकी, वॉचमन काका आणि माझं सिसएमएल

अकरा वर्षं मी चाकणला ब्रॅकेट, हाऊसिंग, होज क्लॅम्प असली कामं केली, म्हणजे हातात धरता येईल, व्हर्नियरने मोजता येईल आणि चुकलं तर कुठे चुकलं ते बोटाने दाखवता येईल असं काम. मग एक दिवस सांगितलं की आता तू सिस्टिम्स टीममध्ये. इलेक्ट्रिक बसच्या बॅटरीचं कूलिंग. मला वाटलं पाइप आणि पंप असणार, आपलंच काम आहे. पहिल्या दिवशी टीम लीड मॅडमनी स्क्रीनवर जे उघडलं त्यात चौकोनात चौकोन, चौकोनांच्या कडांवर चिकटलेले बारके चौकोन, त्यांच्यामध्ये रेषा, काही भरीव हिऱ्याच्या, काही पोकळ हिऱ्याच्या, काही तुटक, आणि प्रत्येकावर दुहेरी कोनी कंसात काहीतरी लिहिलेलं. पाइप कुठेच नाही. मॅडम म्हणाल्या, "हे कूलंट लूपचं मॉडेल, कळतंय ना?" मी मान हलवली. मान हलवण्यात आम्हा मेकॅनिकलवाल्यांचा हात कोणी धरणार नाही.

हे सिसएमएल, म्हणजे सिस्टिम्स मॉडेलिंग लँग्वेज, प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण मला ते कोणी थोडक्यात सांगितलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांची एक चित्रभाषा होती, यूएमएल, १९९७ पासून तिचं स्टँडर्ड आहे, ओएमजी नावाची संस्था ते सांभाळते. पण त्यात सगळं सॉफ्टवेअरचं, क्लास आणि ऑब्जेक्ट; वजन-दाब-तापमान असल्या गोष्टींना जागा नाही. मग सिस्टिम्स इंजिनिअर लोकांची जी इन्कोसी म्हणून संघटना आहे तिने २००१ मध्ये ठरवलं की यूएमएलचं आपल्या कामाचं रूप बनवायचं, आणि त्याचं १.० व्हर्जन २००७ मध्ये आलं. एकूण नऊ डायग्रॅम. त्यातले चार यूएमएलमधून जसेच्या तसे उचललेले, तीन थोडे बदललेले आणि दोनच नवीन, रिक्वायरमेंट आणि पॅरामेट्रिक. गंमत म्हणजे माझ्यासारख्या माणसाला हे दोन नवीनच सगळ्यात ओळखीचे वाटले, एकात ग्राहकाला काय हवंय ते आणि दुसऱ्यात सरळ समीकरणं. बाकी सात बघून पोटात गोळा.

पहिले तीन आठवडे मी व्हिडिओ बघितले आणि ते तीन आठवडे वाया गेले असंच मी म्हणेन. एक तर सगळीकडे उदाहरण गाडीचं, स्टँडर्डच्या कागदातच हायब्रिड एसयूव्हीचं नमुना मॉडेल आहे त्यामुळे असेल, आणि गाडी मला इतकी माहीत की मी चित्र वाचतच नव्हतो, आधीच डोक्यात असलेलं चित्रावर चिकटवत होतो आणि म्हणत होतो हां कळलं. दुसरं म्हणजे व्हर्जनचा घोळ. पोर्ट म्हणजे ते कडेला चिकटलेले बारके चौकोन, काहीतरी आत-बाहेर जायच्या जागा. एका व्हिडिओत फ्लो पोर्ट, दुसऱ्यात प्रॉक्सी पोर्ट, तिसऱ्यात फुल पोर्ट, मी वहीत तिन्ही लिहून त्यांच्यातला फरक पाठ करत बसलो. नंतर समजलं की २०१२ च्या १.३ व्हर्जनमध्ये फ्लो पोर्ट मोडीत काढला आणि बाकीचे दोन आणले, म्हणजे मी जे शिकत होतो ते अर्धं रद्दीतलं होतं. तुम्ही नवीन असाल तर व्हिडिओ कुठल्या सालचा आहे ते आधी बघा, खरंच.

मॅडमना हे सगळं रडगाणं सांगितलं तर त्या म्हणाल्या गाडी सोडा, बॅटरी सोडा, घरचं काहीतरी घ्या, जे रोज बघता पण ज्याचं तुम्हाला खरं काही माहीत नाही असं. त्या दिवशी घरी आलो तर नळाला पाणी नव्हतं. झालं, विषय मिळाला.

आमची सोसायटी पुण्यात, ४८ फ्लॅट, पार्किंगवर सात मजले. खाली जमिनीत एक टाकी, तिच्यात कॉर्पोरेशनचं पाणी येतं, कमी पडलं तर टँकर. गच्चीवर दुसरी टाकी, २३,००० लिटरची. मध्ये ५ एचपीची मोटर. वॉचमन काका हिरवं बटन दाबतात, वरची टाकी भरली की पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच मोटर बंद करतो. एवढंच. मी म्हटलं हे तर शनिवारी दुपारी होऊन जाईल, आणि पुढचे चार महिने मी त्याच टाकीत होतो.

ऑफिसच्या टूलचं लायसन्स घरी चालत नाही म्हणून एक फुकटातलं टूल टाकलं. पहिल्या रात्री एक झकास चित्र काढलं, टाकी निळी, मोटर हिरवी, सगळं एका रेषेत, काना-मात्रा-वेलांटीसकट. काढताना मोटरचा एक चौकोन चुकून दोनदा आला होता तो सिलेक्ट करून डिलीट दाबला. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही, डावीकडची ती झाडासारखी यादी उघडली आणि म्हणाल्या, "मोटर दोन आहेत का तुमच्याकडे?" यादीत दुसरी मोटर तशीच बसलेली. मी चित्रातून पुसली होती, मॉडेलमधून नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं की चित्र म्हणजे खिडकी आहे, खिडकीला पडदा लावला म्हणून खोलीतला सोफा जात नाही. आणि याच्या उलटं मी पुढच्या आठवड्यात करून बघितलं, चित्रात नको म्हणून एक पाइप उडवला तो या वेळी मॉडेलमधून डिलीट झाला आणि पाच वेगवेगळ्या चित्रांतून एकदम गायब, रात्री साडेबारा वाजता, बॅकअप नाही. बायको म्हणाली पाइप खरा फुटला असता तरी एवढा आरडाओरडा केला नसतास.

आता खरी अडलेली गोष्ट. ब्लॉक डेफिनिशन डायग्रॅम आणि इंटर्नल ब्लॉक डायग्रॅम, बोलताना बीडीडी आणि आयबीडी. दोन्हीत चौकोन. एकाच गोष्टीसाठी दोन चित्रं का, हे मला महिनाभर समजलं नाही. मी बीडीडीत 'खालची टाकी' असा एक ब्लॉक, म्हणजे वस्तूचा चौकोन, केला आणि 'वरची टाकी' असा दुसरा. दोघांना लांबी रुंदी क्षमता सगळं दोनदा लिहिलं. मॅडम म्हणाल्या टाकी ही एकच जात आहे, खालची-वरची या तिच्या जागा आहेत. हे ऐकून मी परत मान हलवली आणि घरी येऊन परत तेच केलं.

ते सुटलं मावसबहिणीच्या लग्नात. माझी पुतणी करवली होती, आणि बसल्या बसल्या डोक्यात आलं की करवली म्हणजे काही मुलीची वेगळी जात नाही. ती मुलगीच, पण या लग्नात, या मांडवात ती करवली. मांडव उठला की करवलीपण संपलं, मुलगी आहे तशीच. पुढच्या लग्नात तीच कदाचित नवरी. म्हणजे मुलगी हा ब्लॉक आणि करवली हा पार्ट, आणि पार्टला नाव मिळतं ते तो ज्या मांडवात आहे त्या मांडवामुळे. बीडीडीत जाती आणि त्यांची नाती, कोण कशापासून बनलंय, आणि आयबीडी म्हणजे एका मांडवाच्या आतलं, कोण कोणाशेजारी उभं आहे आणि कोणाच्या हातातून कोणाच्या हातात काय जातंय. मी तिथल्या तिथे पत्रिकेच्या मागे 'खालची : टाकी' आणि 'वरची : टाकी' असं लिहिलं. शेजारचे काका विचारत होते की काय, फ्लॅट बघताय का.

भरीव हिरा आणि पोकळ हिरा यात मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण त्यावर लोक जितके भांडतात तितकं ते महत्त्वाचं नाही असं माझं मत आहे. भरीव म्हणजे मालकीचा अवयव, वरची टाकी सोसायटीच्या पाणीव्यवस्थेचाच भाग. टँकर आपला नाही, येतो आणि जातो, तो रेफरन्स, तिथे लोक पोकळ हिरा काढतात. बास. पोकळ हिरा मी वापरायचाच सोडून दिला, अजून कुणी ओरडलं नाही.

रिक्वायरमेंट मात्र दिसतं तेवढं सोपं निघालं नाही. पहिलं वाक्य लिहिलं, 'रहिवाशांना वेळेवर आणि पुरेसं पाणी मिळावं.' मॅडमचा प्रश्न, वेळेवर म्हणजे किती वाजता, पुरेसं म्हणजे किती लिटर, आणि मिळालं की नाही हे कोण कसं तपासणार. मग बसून केलं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे धरला जाणारा आकडा, ४८ फ्लॅट, घरटी ४ माणसं धरली तर २५,९२० लिटर. आणि दुसरं वाक्य, 'सकाळी ६ ते ९ या वेळात वरच्या टाकीतलं पाणी ३,००० लिटरच्या खाली जाऊ नये.' हे तपासता येतं, गच्चीवर जाऊन पट्टी बुडवायची. मग या रिक्वायरमेंटला ब्लॉक जोडायचे, म्हणजे ही गरज कोण भागवतं ते दाखवायचं, आणि इथे बाणांनी माझा जीव खाल्ला. मी सगळे बाण गरजेकडून टाकीकडे काढले, कारण गरज आधी येते आणि टाकी नंतर बांधतात ना. उलट आहे. बाण टाकीकडून गरजेकडे जातो. जो अवलंबून आहे त्याच्यापासून सुरू होऊन ज्याच्यावर अवलंबून आहे तिकडे, गरज बदलली तर टाकी बदलावी लागेल म्हणून. उधारीच्या वहीसारखं, ज्याने घेतलंय त्याने बोट दाखवायचं. एकदा हे कळल्यावर बाकीचे सगळे तुटक बाण आपोआप सरळ झाले, पण कळेपर्यंत मी तीन आठवडे सगळी गंगा उलटी वाहवली होती.

युज केस, पॅकेज ही दोन चित्रं मी एका रविवारी उरकली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. युज केसमध्ये काड्यांचा माणूस काढायचा आणि त्याला काय हवं ते लंबगोलात लिहायचं, पॅकेज म्हणजे मॉडेलचे कप्पे.

स्टेट मशीनवर मात्र मी भाळलो होतो. मोटरच्या अवस्था काढायच्या, बंद, चालू, ट्रिप. एकीतून दुसरीत कधी जायचं ते बाणावर लिहायचं. खालची टाकी रिकामी झाली तर मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून खाली पण एक फ्लोट आहे, तो सुटला की ट्रिप. मग लाईट जाण्याचा प्रश्न आला, आणि मला पुस्तकात एक फार देखणी गोष्ट सापडली होती, हिस्टरी स्टेट. गोल काढून आत इंग्रजी एच लिहितात. त्याचा अर्थ, बाहेर जाऊन परत आलात की आधी जिथे होतात तिथेच या. मी म्हटलं वा, लाईट गेली तेव्हा मोटर चालू असेल तर लाईट आल्यावर चालू, बंद असेल तर बंद. काय सुंदर. दोन रात्री त्या चित्राची रांगोळी घातली.

छापून खाली घेऊन गेलो, वॉचमन काकांना दाखवायला. खरं तर कौतुक करून घ्यायला. काका मूळचे लातूरकडचे, सतरा वर्षं इथे आहेत, मोटर त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा बदलली. त्यांनी चष्मा लावला, बाणांवरून बोट फिरवलं, बंद, चालू, ट्रिप सगळं बरोबर वाचलं आणि त्या एचवर येऊन थांबले.

"लाईट आली की मोटर आपोआप चालू हुती असं लिवलंय का हितं?"

"हो काका. आधी चालू असेल तर."

"ती कशी हुईल? हिरवं बटन कोण दाबणार साहेब, तुम्ही?"

मी स्टार्टर उघडून दाखवायला सांगितला नाही, त्यांनीच उघडला. बटन दाबलं की आतल्या कॉइलला करंट मिळतो, ती कॉन्टॅक्ट ओढून धरते आणि बोट काढलं तरी धरून ठेवते. लाईट गेली की कॉइल सोडते. लाईट आली तरी कॉन्टॅक्ट उघडाच, कुणीतरी परत बटन दाबेपर्यंत. हे मुद्दामच तसं केलेलं असतं, लाईट नाही म्हणून कुणी मोटरीत हात घातला असेल आणि अचानक फिरायला लागली तर. मी इंजिनिअर. मला हे माहीत होतं. म्हणजे विचारलं असतं तर सांगितलं असतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. पण चित्रात एक देखणी खूण होती म्हणून मी वस्तूकडे न बघता खूण वापरली. एच काढून टाकला. लाईट गेली की सरळ 'बंद' कडे बाण. दोन रात्रींचं काम एका रेषेत आलं.

आणि त्यातून पुढचं निघालं. आता मोटर चालू असताना लाईट गेली आणि काका तिथे नसताना परत आली तर मोटर बंदच राहणार, टाकी अर्धीच. त्या दिवशी नळाला पाणी का नव्हतं ते असं कळलं. आणि आपल्या मॉडेलमध्ये बटन दाबणारा माणूसच नाही हे पण. अॅक्टिव्हिटी डायग्रॅममध्ये उभे पट्टे करतात, ज्याच्या पट्ट्यात काम ते त्याचं, तिथे मी एक पट्टा 'वॉचमन' नावाचा वाढवला तर मोटरच्या पट्ट्यातली निम्मी कामं उचलून त्या पट्ट्यात गेली.

पॅरामेट्रिकची गोष्ट सांगतो, ती माझ्या आवडीची. इथे समीकरण हाच एक चौकोन असतो आणि त्याच्या कडेला त्यातली अक्षरं, ती अक्षरं आपल्या ब्लॉकच्या गुणांना जोडायची. मी पंपाचं समीकरण घातलं. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, पाणी किती उंच चढवायचं ते प्लंबरला फोन करून विचारलं. तो म्हणाला ऐंशी. मी ८० टाकलं. उत्तर आलं, २०,००० लिटर चढवायला २ तास २० मिनिटं. काका म्हणतात सव्वा तास लागतो. मी म्हटलं काकांचं घड्याळ चुकतंय. नंतर लक्षात आलं, प्लंबर फुटात बोलतो. ऐंशी फूट. मी मीटर धरले. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान याच जातीच्या घोळात गेलं, एका बाजूचे आकडे पौंड-सेकंदात आणि दुसरी बाजू न्यूटन-सेकंद समजून बसलेली, हे मी स्वतः ऑफिसात नव्या पोरांना चवीने सांगत असतो. सिसएमएलमध्ये प्रत्येक आकड्याला व्हॅल्यू टाइप देता येतो, म्हणजे नुसतं ८० नाही तर ८० काय. मी तो कंटाळा करून दिला नव्हता, सगळीकडे नुसतं 'रिअल'.

ऐंशी फुटाचे साधारण साडेचोवीस मीटर, पाइप-बेंडमधला तोटा धरून ३० केले. आता उत्तर ५३ मिनिटं. काका सव्वा तासावर ठाम. पहिल्यांदा वाटलं पंप म्हातारा झालाय. कार्यक्षमता कमी करून करून सव्वा तास जुळवायचा मोह झाला, आणि असा मोह ज्याला झाला नाही त्याने आयुष्यात कधी सिम्युलेशन केलेलं नाही. पण आयबीडी उघडून बघत बसलो तर वरच्या टाकीला मी एकच पोर्ट ठेवलेला. पाणी आत येण्याचा. बाहेर जाण्याचा नाहीच! ४८ घरं जोडलेलीच नाहीत. काका मोटर लावतात सकाळी ६ ला, तेव्हाच सगळ्यांच्या आंघोळी, म्हणजे टाकी भरतेय आणि खालून गळतेय. सव्वा तासात पंप साधारण २८,५०० लिटर चढवतो, त्यातलं ८,५०० लोक तेवढ्या वेळात वापरून टाकतात, उरलेलं २०,०००. दिवसाच्या पाण्याचा तिसरा हिस्सा सकाळच्या सव्वा तासात, आंघोळीच्या वेळी हे पटण्यासारखं आहे. पंप ठणठणीत होता. काका बरोबर होते. मी बाहेरचा पोर्ट काढला, पाण्याची दिशा 'बाहेर', आणि समोरच्या घरांच्या पोर्टच्या प्रकाराआधी ती लाटेसारखी खूण, म्हणजे त्याच जातीचा पण उलट्या दिशेचा.

मधल्या काळात ऑफिसात कूलंट लूप चालूच होता. एका रिव्ह्यूमध्ये मी पंपाचं स्टेट मशीन लावलं. बस बंद केल्यावर बॅटरी गरम असेल तर पंप काही वेळ चालत राहायला हवा, ही अट आमच्या स्लाइडवर किती महिने होती, सगळ्यांनी वाचलेली, सगळ्यांनी मान हलवलेली. वाक्य होतं, 'गाडी बंद झाल्यावर पंप चालू ठेवला जाईल.' शाळेत कर्मणी प्रयोग शिकवतात ना, तो. ठेवला जाईल. पण कोणाकडून? स्लाइडला कर्ता लागत नाही, तिथे असलं वाक्य खपून जातं. बाणाला लागतो. बाणावर लिहावं लागतं की कुठला सिग्नल आला म्हणजे पंप थांबायचा आणि तो सिग्नल कोणाच्या पोर्टमधून येतो. मी विचारलं. बॅटरीवाले म्हणाले तो गाडीचा कंट्रोलर देणार. गाडीच्या कंट्रोलरवाले म्हणाले, आम्हाला वाटलं बॅटरीच स्वतः ठरवते. मग दोन्हीकडचे माइक बंद. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या बरं, हे ओपन पॉइंटमध्ये टाका. मी टाकलं, पण मनात म्हटलं, इथे पण हिरवं बटन दाबणाराच कुणी नाही.

हे सांगून झाल्यावर कुरकुर पण सांगतो. टूलं जड आहेत, एक रेष ओढायला तीन क्लिक, आणि रेषा एकमेकांवर चढू नयेत म्हणून सरळ करण्यात जो वेळ जातो त्याचा हिशोब कुठल्याच टाइमशीटमध्ये बसत नाही. नऊच्या नऊ डायग्रॅम प्रत्येक कामात काढायचे असा काही ठिकाणी दंडक असतो, तो निव्वळ कागदी घोडा आहे, मला चार पुरले. आणि सर्टिफिकेटच्या मागे लगेच लागू नका. ओएमजीची परीक्षा आहे, चार पातळ्यांची, पहिली नुसती मॉडेल वाचता येतं का याची. मी ती पहिली दिली, पास झालो, पण ती देताना मला टाकीचाच उपयोग झाला, पाठ केलेल्या वहीचा नाही.

आता परत नवीन. २०२५ मध्ये सिसएमएलचं दुसरं व्हर्जन अधिकृत झालं आणि ते यूएमएलवर उभंच नाही, पाया वेगळा, आणि चित्राबरोबर लिहायची भाषा पण आहे, म्हणजे सरळ टाइप करायचं. ऐकल्यावर आधी कपाळाला हात लावला. मग टाकी लिहून बघितली. 'पार्ट डेफ टाकी' असं एकदा लिहायचं, आणि मग 'पार्ट खालची', 'पार्ट वरची' त्या टाकीपासून. जात सांगताना डेफ, जागा सांगताना नुसतं पार्ट. ज्याच्यावर माझा महिना गेला ते यांनी शब्दातच घालून ठेवलंय, राग येणार नाही तर काय. पण हात लवकर बसतोय, आणि डिलीट केलेली मोटर भूत होऊन यादीत बसत नाही, कारण जे लिहिलंय तेच मॉडेल.

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू करणारा टायमर बसवायचा का यावर. सेक्रेटरींनी मला चित्र आणायला सांगितलं, मी ए-थ्रीवर छापून नेलं. कमिटीने पंधरा मिनिटं बघितलं आणि पार्किंगच्या विषयावर गेले. काका मागे उभे होते. मीटिंग संपल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि कॉर्पोरेशनच्या लाइनपासून सरळ ए विंगच्या पहिल्या मजल्यापर्यंत, दोन्ही टाक्यांना बगल देऊन, एक रेघ मारली.

"ह्यो व्हॉल्व्ह तुमच्या चित्रात न्हाई. गुरुवारी पाणी बंद असतंय, शुक्रवारी प्रेशर येतंय तवा मी ह्यो उघडतो. खालच्या चार घरांना थेट जातंय."

"कमिटीला माहितीये का हे?"

"कुणी इचारलंच न्हाई."

म्हणजे माझा ८,५०० चा आकडा शुक्रवारी चुकतो. कागद घरी आणला, लॅपटॉप उघडला आणि कॉर्पोरेशनच्या लाइनला दुसरा पोर्ट टाकला. व्हॉल्व्हच्या मालकीला भरीव हिरा की नुसता रेफरन्स, ते अजून ठरलेलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणतात तो त्यांच्या सासऱ्यांनी बसवलाय.